येथे विंडोज मारून मिळेल

हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. १ मे १९९९ ला परभणीतून हा जिल्हा वेगळा निघाला तेव्हा आपले हे गृहस्थ शाळेत होते. पुढे कलेक्टर आले, एसपी आले, बदलून गेले. हे मात्र तहसील कचेरीच्या आसपास एका शटरखाली जे बसले ते बसलेच. सरकारी नोकर नाहीत, पण त्यांनी एक दिवस दुकान बंद ठेवलं तर तलाठ्यापासून केंद्रप्रमुखापर्यंत सगळ्यांचं सरकार थांबतं. पाचही तालुक्यांत ते आहेत. नावं वेगळी, दुकानं वेगळी, माणूस एकच.

दुकानावरचा बोर्ड वरून खाली वाचायचा. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे ऑनलाईन फॉर्म, सीसीटीव्ही, संगणक दुरुस्ती. आणि पेंटरला तळाशी वीतभर जागा उरली म्हणून: ‘येथे विंडोज मारून मिळेल’. फी तीनशे. ऑफिससकट साडेतीनशे. फोटोशॉप हवं असेल तर ‘देतो टाकून, तुमच्याकडून काय घ्यायचं’.

लोक त्यांना ‘सर’ म्हणतात. कधीकाळी एका एमएस-सीआयटीच्या क्लासवर त्यांनी पोरांना माऊस धरायला शिकवलं होतं, तेवढ्यावर ही पदवी चिकटली. खरे मास्तर लोक मात्र त्यांना ‘भाऊ’ म्हणतात. आपल्याशिवाय गावात दुसरा कोणी सर असावा, हे मास्तरांना मनातून पटत नाही. शिक्षण विचारलं तर ‘हार्डवेअर-नेटवर्किंग, नांदेड’ एवढंच उत्तर मिळतं. कोर्स पुरा झाला की नाही, हे विचारायची पद्धत नाही.

शर्टाच्या खिशात पेन नसतो, स्टारचा स्क्रू-ड्रायव्हर असतो. मोटारसायकलच्या किल्लीला तीन पेनड्राइव्ह लटकलेले. एकावर विंडोज ७, एकावर १०, एकावर ११. कोणत्यावर काय, हे त्यांनी कुठे लिहिलेलं नाही. ‘काळ्यावर अकरा हाय’ म्हणतात आणि लावतात. सात निघाली तर शांतपणे काढून दुसरा लावतात. गिऱ्हाईकाला वाटतं, ही तपासणीच चालली आहे.

डॉक्टर आधी विचारतो, काय होतंय? सरांचा पहिला प्रश्न वेगळा असतो.

“कोणी हात लावला व्हता?”

या प्रश्नाला खरं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. सेवा केंद्रात रोज शंभर हात लागतात. आडतीवरच्या कॉम्प्युटरला मुनीम, मालक, मालकाचा धाकटा आणि धाकट्याचे मित्र असे सगळ्यांचे हात लागतात. तरी प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगतो, “कोणीच नाही सर, आपोआप झालं.” सर मान हलवतात. गुन्हा कबूल झाला नाही तरी आरोपी कळला, असं ते मान हलवणं असतं. मग ते कामाला लागतात.

पहिला उपचार बंद करून चालू करणे. तो गिऱ्हाईकाने घरी पन्नासदा केलेला असतो, पण सरांनी केल्याशिवाय तो धरला जात नाही. दुसरा उपचार रॅमचा, आणि तो बघण्याजोगा आहे. सीपीयूच्या पेटीची बाजू उघडतात. चार स्क्रूंपैकी एकच उरलेला असतो, त्यामुळे वेळ लागत नाही. आतली धूळ फुंकतात. गिऱ्हाईक डोळे मिटून दोन पावलं मागे सरतं. दोन्ही बाजूंच्या क्लिपा अंगठ्यांनी दाबून रॅमची पट्टी वर काढतात, टेबलाच्या खणातून पांढरं खोडरबर काढतात आणि पट्टीच्या सोनेरी दातांवर घासायला लागतात. पहिलीतल्या पोराने चुकलेलं गणित खोडावं, तसं मन लावून, जिभेचं टोक बाहेर काढून. काळपट चुरा पडतो. तो करंगळीने झटकतात. पट्टी उजेडात धरून एक डोळा मिटून बघतात, पुन्हा खाचेत बसवतात, टक् टक् असा दोनदा आवाज आला की बटण दाबतात. बारीक ‘पीप’ ऐकू आली की सर खोडरबर गिऱ्हाईकाला दाखवतात. बोलत काहीच नाहीत.

हसू नका. रॅमच्या त्या दातांवर हवेने बारीक पापुद्रा धरतो, जोड कच्चा पडतो आणि मशीन गप्प होतं. खोडरबराने तो निघतो. मोठ्या शहरातला इंजिनिअर निळे हातमोजे घालून जे करतो, ते आपल्याकडे पाच रुपयांत होतं. सरांच्या शास्त्रातला हा भाग पक्का आहे. गडबड होते ती निदान सांगताना.

कारण निदानात त्यांचे आरोपी ठरलेले आहेत. व्होल्टेज, उंदीर, व्हायरस आणि हळद. हिंगोली-वसमतच्या बाहेरच्या माणसाला यातलं शेवटचं नाव कळायचं नाही. हळद काढणीला आली, उकडून-वाळवून पॉलिश होऊन मोंढ्यात यायला लागली, की त्या भागातल्या हवेलाच पिवळा रंग चढतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा सगळ्यांना अभिमान आहे. पण तीच हळद आडतीवरच्या कीबोर्डात जाऊन बसते. सर कीबोर्ड उलटा करतात आणि तळहाताने पाठीवर थापट्या मारतात. टेबलावर हळद पडते, सुपारीचं खांड पडतं, स्टेपलरच्या पिना पडतात आणि तंबाखूच्या पुडीचा कोपरा पडतो. “हे बघा,” सर म्हणतात, “मशीनला कसं टाईप व्हावं?” एवढं झाल्यावर एखाद्या कीबोर्डात हळद सापडली नाही तरी सरांचा विश्वास ढळत नाही. “आत गेलीय,” म्हणतात.

कीबोर्ड या विषयात त्यांना मान द्यावा लागतो. कीबोर्ड ‘चालंना गेलाय’ अशी तक्रार आली की ते एकही अक्षर दाबत नाहीत. नम-लॉक दाबतात आणि उजव्या कोपऱ्यातला हिरवा दिवा बघतात. लागला-विझला तर कीबोर्ड जिवंत, दोष पलीकडे. दिवा लागलेला, पण विझायचं नाव घेत नाही, तर वीज पोचतेय पण मशीन ऐकत नाहीये. दिवाच नाही, तर तार. मग पुढच्या यूएसबीतून काढून मागच्या यूएसबीत लावतात, कारण पुढच्या खोबणीची आतली तार सगळ्याच स्वस्त पेट्यांत ढिली असते. मागेही निळ्या खोबणीत नाही, काळ्या.

पण हा काळ्या-निळ्याचा नियम दहा वर्षांपूर्वी एकदा तोकडा पडला. २०१५ मध्ये इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर बाजारात आले. त्यांच्या बोर्डांनी जुना यूएसबी कंट्रोलर काढून टाकला आणि सगळा कारभार नव्या यूएसबी ३ कडे दिला. आपल्याकडे मात्र सगळ्यांना विंडोज ७ च हवी होती. तिच्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नव्हता. पेनड्राइव्ह लावला, ‘इन्स्टॉल नाऊ’ आलं, आणि तिथेच कीबोर्ड मेला, माऊस मेला. बायॉसमध्ये दोन्ही चालतात, सात टाकताना दोन्ही मरतात. त्या वर्षी सरांनी कितीतरी चांगले कीबोर्ड ‘खराब’ म्हणून बाजूला टाकले. मग कोणीतरी ड्रायव्हर आत कोंबलेली सात आणून दिली, तेव्हा ते सगळे कीबोर्ड पुसून पुन्हा विकले गेले.

आता रिकव्हरीकडे येऊ. खेड्यातल्या माणसाच्या नशिबात रिकव्हरी येते ती बहुधा लाईटमुळे. मशीन सुरू होतंय तोच लाईट गेली. आली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेली. विंडोज पुरती उभी राहण्याआधीच असं लागोपाठ आडवी पडली की तिला वाटतं, आपल्याला काहीतरी झालंय. मग ती आपणहून दुरुस्तीच्या निळ्या पानावर जाऊन बसते. त्या पानावर इंग्रजीत चौकोन असतात. कंटिन्यू, ट्रबलशूट, टर्न ऑफ. सेवा केंद्रातल्या ताई ते बघतात आणि फोन लावतात.

“सर, निळं आलंय.”

“निळं म्हणजे? रडकं तोंड हाय का?”

“तोंड नाही. चौकोन हायेत.”

“मग रिकव्हरी हाय. घाबरायचं नाही. फोटो टाका.”

फोटो येतो. स्क्रीन तिरकी, मधोमध ट्यूबलाईटचं प्रतिबिंब, आणि नेमक्या कामाच्या आकड्यावर ताईंचा अंगठा. सर तरी त्यावरून सांगतात, “बाण दाबा, एंटर मारा, कंटिन्यू होईल.” दहातल्या आठ वेळा होतंही. उरलेल्या दोन वेळा सर म्हणतात, “आणा इकडं. मारावी लागंल.”

‘मारावी लागंल’ हे ऐकलं की गिऱ्हाईकाच्या पोटात गोळा येतो. मग पुढचा संवाद ठरलेला.

“सर, आतला डाटा?”

“डी मध्ये हाय ना?”

“हाव, डी मध्येच असंल.”

“मग काळजी नाही. सी जाईल, डी ऱ्हाईल.”

डी मध्ये काहीच नसतं. डी मध्ये २०१४ सालच्या एका लग्नाची व्हिडिओ शूटिंग आणि दोन मराठी सिनेमे असतात. गावाची सगळी कागदपत्रं, पंचनाम्यांचे फोटो, शाळेच्या याद्या, आडतीच्या पावत्या डेस्कटॉपवर असतात, आणि डेस्कटॉप सी मध्ये असतो. हे सरांना ठाऊक आहे. गिऱ्हाईकाला तीनशे रुपये दिल्यावर ठाऊक होतं. सरांवर माझा आक्षेप असलाच तर एवढाच आहे. त्याच पेनड्राइव्हवर खाली डाव्या कोपऱ्यात ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ अशी ओळ येते. तिथे टिचकी मारली तर पुष्कळदा न मारताच भागतं. पण रिपेअरला तीनशे कोण देणार?

मारून झाल्यावर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट अक्षरं उमटतात. त्याविषयी विचारलं तर सर म्हणतात, “तिकडं बघायचं नाही.” अख्खा तालुका तिकडे बघत नाही.

त्यांच्या महत्त्वाकांक्षेविषयी दोन शब्द सांगायला हवेत. औंढ्याजवळ दुधाळा इथे ‘लायगो-इंडिया’ उभं राहतंय. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि ते पकडणार काय, तर अवकाशातून आलेली गुरुत्वीय लहर, जिच्यामुळे त्या हातांची लांबी प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही हजारो पट कमी इतकीच बदलते. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. जिल्ह्यातल्या बाकी लोकांनी विचारलं, जमिनीला भाव किती आला? सरांनी विचारलं, “तिथं विंडोज कोण मारणार?” कोणीतरी सांगितलं, तिथे लिनक्स असतं. सर दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, “असू द्या. प्रिंटर तर असंल.”

मग आला २०२५ चा ऑक्टोबर. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली सोयाबीन शेतात कुजली होती. पंचनामे, अनुदानाच्या याद्या, फार्मर आयडी हे चालूच होतं, त्यात लाडक्या बहिणींची ई-केवायसी येऊन पडलेली. सेवा केंद्रांपुढे सकाळी सहालाच चपलांच्या रांगा लागत. आणि याच काळात सरांनी एक मोहीम काढली होती. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्ट विंडोज १० चा आधार काढून घेणार, हे त्यांना महिनाभर आधी कळलं होतं. “दहा बंद व्हायलीय,” असं सांगत त्यांनी तालुक्यातली मिळतील तेवढी मशीनं अकरावर नेली. जी मशीनं कंपनीच्या नियमात बसत नव्हती, तीही टीपीएम चिपच्या अटीला वळसा घालून नेली. लोकांनी दुवा दिला.

त्याच १४ ऑक्टोबरला कंपनीने अकराला महिन्याचा अपडेट दिला. केबी ५०६६८३५. आपल्याकडे तो रात्री उशिरा निघाला, सकाळपर्यंत पोचला. त्यात एक गोम होती.

रिकव्हरी म्हणजे काय, तर हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात वेगळी ठेवलेली छोटी विंडोज. मोठी आजारी पडली की ती उठते. तिचे ड्रायव्हर तिचे स्वतःचे असतात. मोठीत कीबोर्ड चालतो म्हणून छोटीत चालेलच असं नाही. या अपडेटने मोठीतला कीबोर्ड नीट ठेवला आणि छोटीतले यूएसबी कीबोर्ड आणि माऊस दोन्ही बंद पाडले. ज्याच्यावर त्या निळ्या पानावर जायची वेळ आली नाही, त्याला पत्ताही लागला नाही. ज्याच्यावर आली, तो ‘कंटिन्यू’कडे नुसता बघत बसला. आणि ज्यांनी कंपनीला आजवर एक छदाम दिला नव्हता, त्यांच्याकडेही तिची चूक मात्र वेळेवर पोचली.

१७ ऑक्टोबरला वसुबारस होती. संध्याकाळी एका सेवा केंद्राच्या ताई स्कूटीवर पुढे पायांत सीपीयू धरून आल्या. लाईटने दगा दिला होता, निळं पान आलं होतं, बाण चालत नव्हता. सर म्हणाले, “कोणी हात लावला व्हता?” ताई म्हणाल्या, “सर, सकाळपासून ऐंशी बाया बसल्यात दारात. आधी मशीन बघा.”

सरांनी नम-लॉक दाबला. दिवा ढिम्म. मागच्या खोबणीत लावला. काळ्यात लावला. कीबोर्ड बदलला. दुकानात विकायला ठेवलेला, प्लॅस्टिकही न काढलेला कीबोर्ड फोडला, म्हणजे प्रकरण कुठवर गेलं ते लक्षात घ्या. मशीन बंद करून चालू केलं, डिलीट दाबून बायॉसमध्ये गेले, तर तिथे तोच कीबोर्ड टुणटुणीत. बाहेर आले, निळं पान आलं, पुन्हा मेलं. रॅम घासून झाली. सेल बदलून झाला. कीबोर्ड उलटा करून थापटला. नवाकोरा होता, त्यातून काय पडणार.

एव्हाना दुकानात गर्दी जमली. अशा वेळी जमणारी गर्दी झेरॉक्सला आलेली असते, पण सल्ला द्यायला थांबते. एक म्हणाला, व्हायरस असंल. दुसरा म्हणाला, माझ्या साडूच्या पोराला बोलवा, पुण्याला कंपनीत हाय. सरांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, घाम पुसला आणि जाहीर केलं, “हा कंपनीचा फॉल्ट हाय.”

दुकानात हशा पिकला.

पिकणारच. गेली पंधरा वर्षं सर हेच सांगत आले होते. माऊसची तार उंदराने कुरतडली तेव्हा कंपनीचा फॉल्ट. प्रिंटरमध्ये ओला कागद घातला तेव्हा कंपनीचा फॉल्ट. स्वतःच बसवलेला एसएमपीएस धूर सोडून गेला तेव्हाही कंपनीनेच माल हलका दिला होता. ताई म्हणाल्या, “सर, मागच्या टायमाला बी कंपनीच व्हती.” सर कळवळून म्हणाले, “ताई, ह्यावेळी खरंच हाय हो!” या ‘ह्यावेळी’ने सगळं मुसळ केरात घातलं. म्हणजे याआधीच्या वेळी खरं नव्हतं, हे आपल्याच तोंडाने कबूल झालं. गर्दीतल्या एकाने तेवढ्यात मागचा दीडशेचा हिशोबही काढला.

मग सर उठले, स्टुलावर चढले आणि माळ्यावर हात घातला. बंद पडलेल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटचं सामान त्यांनी कधीतरी भंगाराच्या भावात उचललं होतं. त्यातून त्यांनी एक कीबोर्ड ओढून काढला. टीव्हीएस गोल्ड. विटेच्या वजनाचा. पांढरा होता तो हळदीने नव्हे, वयाने पिवळा झालेला. ‘क’ आणि ‘र’चे स्टिकर बोटांनी खाऊन टाकलेले. तारेच्या टोकाला यूएसबी नाही, जांभळी गोल पिन. पीएस/टू. आयबीएमने १९८७ साली आणलेली ही खोबण. नव्या लॅपटॉपवर ती दिसत नाही, पण आपल्याकडच्या जोडून घेतलेल्या पेट्यांच्या मागे, सगळ्यात वर, अजून असते. तिला कोणी हात लावत नाही, म्हणून कोळी तिथे घर करतो.

सरांनी आधी मशीन बंद केलं, भिंतीवरचं बटणही बंद केलं. पीएस/टूची पिन चालू मशीनला लावायची नसते. लावली तर मशीन तिला ओळखत नाही, कधी बोर्डही जातो. हे आजच्या पोरांना ठाऊक नाही. कोळ्याचं जाळं फुंकलं, पिनेतला बाण वर करून पिन बसवली, बटण दाबलं. निळं पान आलं. सरांनी उजवा बाण दाबला. ‘कट्ट’ असा आवाज साऱ्या दुकानात ऐकू गेला आणि चौकोनावरची पांढरी चौकट एक घर पुढे सरकली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढंच झालं की हिशोब काढणारा गृहस्थ आपली झेरॉक्स घेऊन निघून गेला. ताईंनी विचारलं, “हे जुनं कसं काय चाललं?” सर म्हणाले, “जुन्या मालात दम असतोय.” हे कारण साफ चुकीचं होतं. बिघडलं होतं ते रिकव्हरीतलं यूएसबीचं खातं. पीएस/टूचा रस्ता त्या खात्यातून जातच नाही, म्हणून तो शाबूत होता. लॅपटॉपचे अंगचे कीबोर्डही पुष्कळदा आतून त्याच रस्त्याने जोडलेले असतात, म्हणून त्या आठवड्यात लॅपटॉपवाले बरेचसे वाचले. पण चुकीच्या कारणाने बरोबर जागी हात जाणं, यालाच अनुभव म्हणतात, आणि सरांकडे तो रगड आहे. पुढे मायक्रोसॉफ्टने स्वतः जे तात्पुरते उपाय सांगितले, त्यांतही हेच होतं: टचस्क्रीन असेल तर बोटाने चालवा, आधी करून ठेवलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह असेल तर तो लावा, नाहीतर पीएस/टूचा कीबोर्ड जोडा. अमेरिकेतल्या इंजिनिअरांना ती जांभळी पिन आठवायच्या आधी आपल्या माणसाने माळ्यावरून काढली होती.

धनत्रयोदशीपासून त्या गोल्ड कीबोर्डला पाय फुटले. आज औंढा, उद्या जवळा बाजार, परवा आखाडा बाळापूर. सर तो मोटारसायकलला पुढे बांधून नेत. एका मास्तरांनी तो विकत मागितला. सर म्हणाले, “हे विकायचं नाही. भाड्यानं ऱ्हाईल.” भाडं पन्नास रुपये.

२० ऑक्टोबरला, आपल्याकडे नरक चतुर्दशीला, कंपनीने घाईघाईने दुरुस्ती काढली. केबी ५०७०७७३. ती इथे उतरेपर्यंत लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला होता. मायक्रोसॉफ्टने लेखी मान्य केलं की होय, आमच्या अपडेटने रिकव्हरीत यूएसबी कीबोर्ड आणि माऊस चालत नव्हते. सरांनी ते पान मोबाईलवर वाचलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी झेंडूची तोरणं बांधून झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर ते पान रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केलं आणि काऊंटरच्या काचेखाली सरकवलं. सगळं इंग्रजीत आहे. आजवर ते कोणी पूर्ण वाचलेलं नाही. पण सर बोट ठेवून सांगतात, “हे बघा. कंपनीनं लिहून दिलंय.” तेव्हापासून माऊसची तार उंदराने खाल्ली तरी तेच पान दाखवलं जातं.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती विनोदाची नाही. दिवाळीनंतर एका मास्तरांच्या नव्या लॅपटॉपने रिकव्हरीत गेल्यावर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली. बिटलॉकरची. हल्लीचे लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केले की आतला सगळा डाटा आपोआप कुलूपबंद होतो आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. मास्तरांना त्यांचं खातं कोणतं, हे ठाऊक नव्हतं. कारण ते त्यांचं नव्हतंच. लॅपटॉप सुरू करून दिला होता सरांनी, आणि ई-मेल विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, “भाऊ, तुमचंच टाका की.”

सरांनी आपलं खातं उघडलं. तिथे अर्धा तालुका निघाला. खाली खाली जावं तशी ‘डेस्कटॉप’, ‘लॅपटॉप’ आणि पुढे अगम्य अक्षरं अशी नावं. आडतीचा कोणता, शाळेचा कोणता, ग्रामपंचायतीचा कोणता, काही पत्ता नाही. शेवटी स्क्रीनवर दिसणाऱ्या किल्लीच्या ओळख-क्रमांकाची पहिली आठ अक्षरं जुळवत जुळवत ती सापडली. सर वाचत होते, मास्तर टाईप करत होते, सहा-सहाच्या आठ टोळ्या. मास्तरांचा एक आकडा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं झालं. सरांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. “तुमचाच लॅपटॉप हाय,” म्हणाले. मास्तर जरा उशिरा हसले.

माणूस लबाड नाही. त्या किल्ल्यांचं मोल त्याला अजून पुरतं उमगलेलंही नाही, आणि उमगलं तरी तो त्यातून कोणाचं घर उघडणार नाही, हे मी छातीठोक सांगू शकतो. पण उद्या त्याचा मोबाईल हरवला, पासवर्ड विसरला, तर किल्ली मागणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपमधल्या सातबारापासून दहावीच्या गुणपत्रिकांपर्यंत सगळ्याला टाळं लागेल, आणि त्यावर खोडरबर चालणार नाही.

तेव्हा हिंगोलीकरांनो, आणि बाकीच्यांनीही, एवढं करा. आपला लॅपटॉप कोणाच्या खात्यावर चालतोय ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. दुसऱ्याचं असेल तर आपलं करून घ्या. बिटलॉकरची किल्ली खात्यात शोधून कागदावर उतरवून ठेवा. डेस्कटॉपवरच्या फाईली एखाद्या पेनड्राइव्हवर काढा. आणि किल्लीचा तो कागद लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका.